घरच्या कॉम्प्युटरचा कारभारी

अगं, नवा कॉम्प्युटर घरी आला, आता सासूबाईंच्या भजनांपासून लेकाच्या गेमपर्यंत सगळं त्याच्यावरच चालणार, म्हणून ‘मामा, सेटिंगचं काय ते एकदा नीट सांग’ असा तुझा निरोप आला. वायफाय आणि प्रिंटरचं तुला मी काय सांगणार? ते तू माझ्यापेक्षा भराभर करतेस. मी सांगणार आहे ते एवढंच, की त्या यंत्रावर कुणाला काय करायची मुभा असावी. सहकारी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात माझी सगळी नोकरी झाली. तिथे शिकलेलं निम्म्याहून जास्त भंगारात गेलं. फ्लॉपी गेल्या, डॉसच्या कमांड गेल्या, डॉट मॅट्रिक्सची करकर गेली. हे मात्र टिकलंय. माझ्या साहेबांनी मला सांगितलं, मी हाताखालच्या पोरांना सांगितलं, आता तुझी पाळी.

पहिला कानमंत्र: अ‍ॅडमिन असणं हा मान नाही, ती कामापुरती नेमणूक आहे.

नवं विंडोज पहिल्यांदा सुरू करताना जे पहिलं अकाउंट तयार होतं, ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं असतं. बहुतेक घरांत पुढे वर्षानुवर्षं तेच एक अकाउंट सगळे वापरतात. आणि कुणी म्हणालं की ‘तुझं अकाउंट स्टँडर्ड करूया’, तर माणसाला उगाच पायरी उतरल्यासारखं वाटतं.

अ‍ॅडमिनला काय काय करता येतं बघ. सगळ्यांसाठी सॉफ्टवेअर टाकता येतं आणि काढता येतं. विंडोजच्या आणि प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरात बदल करता येतात. ड्रायव्हर घालता येतो, दुसऱ्याचं अकाउंट उडवता येतं, अँटिव्हायरस बंद करता येतो. स्टँडर्ड युजरला यातलं काही करता येत नाही. पण पत्र लिहिणं, रेल्वेचं तिकीट काढणं, व्हिडिओ कॉल, छपाई, बँकेचं काम, लेकाचा अभ्यास, यांपैकी कशाला अ‍ॅडमिन लागतो? कशालाच नाही. घर लागलं की मग अ‍ॅडमिनची गरज क्वचित, एखादं नवं सॉफ्टवेअर किंवा प्रिंटर आला तरच पडते.

आता खरी गोम सांगतो. कॉम्प्युटर माणसाला ओळखत नाही, माणसाच्या नावावर चालणाऱ्या प्रोग्रॅमला ओळखतो. मेलमध्ये आलेलं ‘वीजबिल’ तू उघडलंस आणि ते बिल नसून प्रोग्रॅम निघाला, तर तो तुझ्या नावावर चालतो. तुला जे करता येतं ते त्यालाही करता येतं. म्हणून आपले अधिकार जेवढे कमी, तेवढा आपल्या नावावर होणारा घोळ लहान. जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोघांनी १९७५ च्या एका निबंधात हे तत्त्व मांडून ठेवलंय: प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक वापरणाऱ्याला कामापुरतेच अधिकार असावेत. आमच्या बँकेत हे न वाचताही पाळलं जायचं. शाखाधिकारी झाला म्हणून तिजोरीची किल्ली घेऊन कुणी चहाला जात नसे, आणि त्याच्या एकट्याच्या किल्लीनं तिजोरी उघडतही नसे. रोखपालाची दुसरी किल्ली लागायचीच.

दुसरा: कारभाऱ्याचं अकाउंट वेगळं कर, आणि ते आधी तपासून बघ.

घरात चार माणसं असतील तर पाच अकाउंट हवीत. चार माणसांची, चारही स्टँडर्ड. पाचवं कारभाऱ्याचं, म्हणजे अ‍ॅडमिनचं, ज्यात रोज कुणीच बसत नाही. तूही नाही.

हे करताना क्रम चुकवू नकोस. आधी सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे अदर युजर्स, तिथे अ‍ॅड अकाउंट. विंडोज लगेच मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागेल. खाली बारीक अक्षरात ‘आय डोंट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन’ अशी ओळ असते ती दाब, पुढच्या पानावर ‘अ‍ॅड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ सापडेल. नाव दे ‘कारभारी’, पण इंग्रजी अक्षरांत लिही, कारण काही जुनी सॉफ्टवेअरं देवनागरी नावाच्या फोल्डरपाशी अडखळतात. पासवर्ड दे आणि तो रिकामा ठेवू नकोस. मग त्याच यादीत त्या नावावर टिचकी मारून चेंज अकाउंट टाइपमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर निवड.

आता साइन आउट हो आणि ‘कारभारी’ म्हणून आत जाऊन बघ. पासवर्ड चालतो ना, सेटिंग्ज उघडतात ना, याची खात्री झाली की तिथूनच तुझं स्वतःचं अकाउंट स्टँडर्ड कर. तुझे फोटो, फायली, डेस्कटॉप, काहीही हलत नाही. सगळं जिथल्या तिथे राहतं. उलट क्रमानं जाऊ नकोस. कारभाऱ्याचा पासवर्ड लागतो की नाही हे न बघता स्वतःचे अधिकार सोडून बसणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. मग दुकानदाराला घरी बोलवावं लागतं.

आणि दुकानदारावरून आठवलं. जोडून घेतलेल्या मशीनमध्ये त्याच्या पोरानं ‘यूजर’ नाहीतर ‘अ‍ॅडमिन’ नावाचं, बिनपासवर्डचं अकाउंट करून ठेवलेलं असतं. त्याच्या कामाच्या दृष्टीनं ते सोयीचं, तुझ्या दृष्टीनं नाही. अ‍ॅडमिनचा पासवर्ड रिकामा असेल तर स्टँडर्ड युजरला येणाऱ्या प्रश्नावर लेक नुसतं ‘येस’ दाबून पुढे जाईल, आणि एवढी सगळी मांडामांड फुकट. ते अकाउंट काढ किंवा त्याला पासवर्ड घाल.

तू म्हणशील, ‘मामा, अ‍ॅडमिन असले तरी ती परवानगीची चौकट येतेच की!’ येते, खरं आहे. विंडोज अ‍ॅडमिनलाही रोजची कामं उतरत्या अधिकारानं करायला लावतं आणि पूर्ण अधिकार हवे झाले की विचारतं. पण मायक्रोसॉफ्टनं स्वतःच सांगून ठेवलंय, की ती चौकट म्हणजे सुरक्षेची पक्की हद्द समजू नका. ती गुपचूप ओलांडायच्या युक्त्या वेळोवेळी निघतात, आणि त्यातल्या बहुतेक युक्त्या तुम्ही अ‍ॅडमिनच्या अकाउंटमध्ये बसला आहात हे गृहीत धरून चालतात. स्टँडर्ड अकाउंटमध्ये वाढवायला अधिकारच नसतात, तिथे त्यांची डाळ शिजत नाही.

तिसरा: स्क्रीन अंधारली की हात थांबव.

ही चौकट आली कुठून ते ऐक, म्हणजे तिच्यावर वैतागणार नाहीस. विंडोज ९८ मध्ये नावापासवर्डाची खिडकी यायची, पण एस्केप दाबलं की खिडकी बाजूला आणि तुम्ही आत! विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं, त्यात अ‍ॅडमिन आणि साधा युजर असा भेद होता. पण घरोघरच्या मशीनवर सगळेच अ‍ॅडमिन, तेही बहुधा बिनपासवर्डचे. २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आलं आणि त्यानं पहिल्यांदा प्रत्येक मोठ्या बदलाआधी विचारायला सुरुवात केली. ते इतक्यांदा विचारायचं की लोक न वाचता होकार द्यायला शिकले. म्हणून २००९ च्या विंडोज सेव्हनमध्ये किती वेळा विचारावं याची चार पायऱ्यांची पट्टी दिली. ती आजही आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये युजर अकाउंट कंट्रोलच्या सेटिंगमध्ये बघ. तुझ्या घरी ती सगळ्यात वर सरकवून ठेव. सगळ्यात खाली, ‘नेव्हर नोटिफाय’वर, कुणीही सांगितलं तरी नेऊ नकोस.

आता चौकट वाचायची कशी. सगळी स्क्रीन मंद होते आणि मधोमध प्रश्न येतो: ‘डू यू वाँट टू अलाउ धिस अ‍ॅप टू मेक चेंजेस टू युअर डिव्हाइस?’ लोकांची नजर थेट ‘येस’वर जाते. तू आधी वरची पट्टी बघ. निळी असेल तर सॉफ्टवेअरवर ओळखता येईल अशी डिजिटल सही आहे. पिवळी असेल तर बनवणारा कोण ते विंडोजला ठाऊक नाही. मग नाव वाच. खाली व्हेरिफाइड पब्लिशर म्हणून कुणाचं नाव आहे ते वाच. त्याखाली फाइल ओरिजिन असतं. फाइल हार्ड डिस्कवरची आहे की इंटरनेटवरून उतरवलेली, ते तिथे कळतं. शंका आली तर ‘शो मोअर डिटेल्स’ दाब, फाइल नेमकी कुठल्या फोल्डरातून चालली आहे ते दिसेल.

आणि या सगळ्याच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचार: आत्ता मी असं काय केलं की हिला विचारावंसं वाटलं? प्रिंटरचा ड्रायव्हर टाकत होतीस, प्रश्न आला, ठीक आहे. पाककृती वाचत होतीस आणि प्रश्न आला, तर उत्तर ‘नो’. ‘नो’ म्हटल्यानं कॉम्प्युटर बिघडत नाही. खरंच गरजेचं असेल तर ते पुन्हा विचारेल.

चौथा: मोठं नाव आणि खरी सही, यावरून हेतू कळत नाही.

सही एवढंच सांगते की हे अमक्यानं बनवलंय. तो अमका काय करणार आहे, ते सही सांगत नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजी या मोठ्या संगीत कंपनीनं काही गाण्यांच्या सीडींवर नक्कल रोखणारं सॉफ्टवेअर घातलं होतं. सीडी विंडोजच्या मशीनमध्ये घातली की ते आत जाऊन बसायचं आणि स्वतःला लपवायचं. लपवायची तऱ्हा अशी, की ज्या फाइलच्या नावाची सुरुवात एका ठरावीक खुणेनं होते, ती फाइल कुणालाच दिसू द्यायची नाही. मार्क रसिनोविच या विंडोजच्या जाणकारानं ऑक्टोबर २००५ च्या अखेरीला हे उघडकीला आणलं. मग काही दिवसांतच व्हायरसवाले त्याच खुणेआड आपल्या फायली दडवू लागले, आणि कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. एवढ्या खोलवर शिरायला त्या सॉफ्टवेअरला अ‍ॅडमिनचे अधिकार लागत होते. घरोघरी सगळे एक्सपीवर अ‍ॅडमिनच असल्यानं ते आयतेच मिळाले. गाणी ऐकायला अ‍ॅडमिन कशाला, हा प्रश्न ज्या घरात विचारला गेला असता ते घर वाचलं असतं.

तेव्हा मागणी आणि काम यांचा मेळ बसतो का ते बघ. ड्रायव्हरला अ‍ॅडमिन हवा, हे रास्त. जीएसटीच्या कामाला डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावतात, त्याच्या ड्रायव्हरला हवा, तेही रास्त. वॉलपेपर बदलणाऱ्या प्रोग्रॅमला हवा असेल तर दाल में कुछ काला है.

पाचवा: फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून ‘येस’ नाही म्हणजे नाही.

हा मंत्र सासूबाईंनाही सांग, आणि दोनदा सांग. ‘बँकेतून बोलतोय’, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आलाय’, ‘वीज आज रात्री तोडणार’, असं काहीही सांगून समोरचा माणूस एक अ‍ॅप उतरवायला लावतो, ज्यातून त्याला आपली स्क्रीन दिसते. ही अ‍ॅप मुळात वाईट नसतात. आमच्या विभागातही दूरच्या शाखेचं मशीन दुरुस्त करायला अशीच साधनं होती. पण त्यांच्या आडून इतकी लूट झाली की फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं एनीडेस्क या अशाच अ‍ॅपचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं.

यातली एक बारीक गोष्ट फार कुणी सांगत नाही. परवानगीची चौकट येताना स्क्रीन मंद होते ती शोभेसाठी नाही. तेवढ्यापुरतं विंडोज वेगळा, बंदिस्त पडदा उघडतं, आणि साध्या अधिकारावर चाललेल्या दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला तिथे हात घालता येत नाही. त्यामुळे लांबून बघणाऱ्या माणसाला त्या क्षणी काहीच दिसत नाही, त्याचा माउस चालत नाही. मग तो घाईघाईनं म्हणतो, ‘मॅडम, एक बॉक्स आला असेल, त्यावर येस दाबा.’ तिथपर्यंत त्याच्या हाती फक्त तुझं अकाउंट असतं. ‘येस’नंतर सगळं मशीन. घरातल्या बाकीच्यांना कारभाऱ्याचा पासवर्डच ठाऊक नसेल, तर त्यांनी ठरवलं तरी त्यांना ते ‘येस’ देता येणार नाही. सासूबाई प्रामाणिकपणे सांगतील, ‘पासवर्ड सुनेकडे आहे’, आणि तो माणूस पुढचं गिऱ्हाईक शोधेल. तरी पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावायचा. रडत बसायचं ते नंतर.

सहावा: ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हा रामबाण नाही.

काही चाललं नाही की ओळखीतला कुणीतरी हमखास सांगतो, ‘राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कर, होऊन जाईल.’ कधी होतंही. पण त्याची किंमत काय ते एका दुकानात मी पाहिलंय.

किराणा दुकान, जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर. शेठजी घाबरेघुबरे, कारण तीन महिन्यांच्या नोंदी गायब. मुलगा म्हणे, ‘मी काही उडवलं नाही, काल फक्त रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर केलं.’ नोंदी गेल्या नव्हत्या. जुनी सॉफ्टवेअरं आपला डेटा थेट प्रोग्रॅम फाइल्समध्ये, स्वतःच्याच फोल्डरात लिहितात. साध्या अधिकारावर तिथे लिहायला मनाई आहे. पण अशी सॉफ्टवेअरं एकदम बंद पडू नयेत म्हणून व्हिस्टापासून विंडोज एक चतुराई करतं: लिहिलेलं त्या युजरच्या अ‍ॅपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात गुपचूप वळवतं आणि सॉफ्टवेअरला भासवतं की लिहिलं गेलं बरं का. शेठजी रोज साध्या रीतीनं उघडायचे, त्यांच्या नोंदी व्हर्च्युअलस्टोअरमध्ये. मुलानं अ‍ॅडमिन म्हणून उघडलं, तेव्हा वळवावळवी बंद झाली आणि सॉफ्टवेअरनं मूळ फोल्डरातली जुनी वही उघडली. एका दुकानाचे दोन हिशेब! प्रत्येक युजरचं व्हर्च्युअलस्टोअर वेगळं असतं, त्यामुळे अकाउंट वेगळी केली तर तीन-चारही होऊ शकतात.

मार्ग सोपा होता. व्हर्च्युअलस्टोअरमधली फाइल शोधून तिची प्रत घेतली, सॉफ्टवेअर डी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरात नव्यानं टाकलं, आणि त्या एका फोल्डरापुरती सगळ्या युजरना लिहायची परवानगी दिली. प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीचा टॅब असतो, तिथे एडिट करून युजर्सना मॉडिफाय. आता कुणालाच अ‍ॅडमिन व्हावं लागत नाही. सॉफ्टवेअरला सगळ्या मशीनचे अधिकार देण्यापेक्षा त्याला हव्या त्या एका फोल्डराचे द्यावेत. तुझ्याकडे असं जुनं काही असेल तर हाच रस्ता धर.

आणखी दोन बारकावे. अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या प्रोग्रॅममधून दुसरं काही उघडलं की तेही बहुधा त्याच अधिकारानं उघडतं. म्हणून इन्स्टॉल संपल्यावर शेवटच्या पानावर ‘लगेच सुरू करा’ अशा अर्थाची जी खूण आधीच टिक केलेली असते, ती काढ. फिनिश दाब, आणि मग नेहमीसारखं डेस्कटॉपवरून उघड. दुसरं म्हणजे, एखाद्या प्रोग्रॅममध्ये फाइल ओढून टाकली तरी तो घेत नसेल, तर तो अ‍ॅडमिन म्हणून चाललाय का ते बघ. साध्या अधिकाराच्या खिडकीतून वरच्या अधिकाराच्या खिडकीत काही टाकू द्यायचं नाही, असा विंडोजचाच नियम आहे.

सातवा: ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आलं की आधी कारण विचार, मग कुलूप तोड.

जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क नव्याला जोडशील, बाबांच्या फोटोंचा फोल्डर उघडशील, आणि विंडोज म्हणेल परवानगी नाही. स्वतःच्याच फोटोंना! घाबरू नकोस. फायलींची मालकी नावावर नसते, नावामागच्या एका लांबलचक ओळखक्रमांकावर असते. जुन्या मशीनवरचं तुझं नाव आणि नव्यावरचं तुझं नाव एकच असलं तरी क्रमांक वेगळे. सिक्युरिटीच्या टॅबमध्ये ‘अकाउंट अननोन’ आणि पुढे एस-१-५-२१ नं सुरू होणारी आकड्यांची रांग दिसली, की समज, हा जुना मालक आहे. कंटिन्यू दाबून कारभाऱ्याचा पासवर्ड दे आणि तेवढ्या फोल्डरापुरता ताबा घे. फायली हजारोंनी असतील तर वेळ लागेल, मध्येच बंद करू नकोस.

पण अख्ख्या सी ड्राइव्हचा ताबा कधी घ्यायचा नाही, आणि ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल तर नाहीच नाही. विंडोजच्या कितीतरी फायलींचा मालक अ‍ॅडमिनसुद्धा नसतो, तो असतो ट्रस्टेडइन्स्टॉलर. अपडेट करणारी यंत्रणा त्या नावानं काम करते. अ‍ॅडमिनलाही तिथे नकार मिळतो, तो मुद्दाम ठेवलेला आहे. तो मोडून परवानग्या सरसकट उघड्या केल्या, की आज काही दिसत नाही. पुढे एखादं अपडेट अडतं, स्टोअरमधली अ‍ॅप उघडत नाहीत, आणि मूळ कारण कुणाला आठवत नाही. आगीतून फुफाट्यात.

अजून एक. परवानगी वेगळी आणि कूटबद्ध करणं वेगळं. डिस्क बिटलॉकरनं कूटबद्ध केलेली असेल तर अ‍ॅडमिन असून भागत नाही, ४८ आकडी रिकव्हरी की लागते. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर हे आपोआप सुरू होतं आणि की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. ती आजच शोधून छापून ठेव.

आठवा: मुलाला ‘नाही’ म्हणताना रस्ताही दाखव.

लेक म्हणेल, ‘आई, मला काहीच टाकता येत नाही.’ त्याला सांग, स्टोअरमधली बहुतेक अ‍ॅप अ‍ॅडमिनशिवाय येतात. क्रोमसारखा ब्राउझरसुद्धा परवानगी नाकारली तर फक्त त्या युजरपुरता बसतो. खरंच गरज असेल तिथे तू येऊन पासवर्ड टाक, पण त्याच्याकडे पाठ करून. पासवर्ड ‘एवढ्यापुरता’ सांगायचा नाही. एवढ्यापुरतं असं काही नसतं. गेमचा क्रॅक किंवा चीट टाकताना पहिलीच सूचना ‘अँटिव्हायरस बंद करा आणि अ‍ॅडमिन म्हणून चालवा’ अशी असेल, तर पुढे वाचायचं कारण नाही. त्याला रागवू नकोस, ती ओळ त्याच्याकडूनच वाचून घे. स्टँडर्ड युजरला घड्याळाची वेळ बदलता येत नाही, त्यामुळे स्क्रीनटाइम चुकवायची एक पळवाट आपसूक बंद होते. हे त्याला सांगायची गरज नाही.

पुतण्यानं लिनक्स घातलंच तर तिथेही नियम तोच. उबुंटूमध्ये रूटचं, म्हणजे तिथल्या अ‍ॅडमिनचं, अकाउंट मुळातच बंद असतं, कामापुरतं ‘सुडो’ लिहून पासवर्ड द्यायचा. कुठून तरी उचललेली, सुडोनं सुरू होणारी कमांड अर्थ कळल्याशिवाय चिकटवू नये.

नववा: हा उपाय कुठे संपतो तेही जाणून घे.

स्टँडर्ड अकाउंट केलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस. तुझे फोटो, तुझी कागदपत्रं तुझ्याच अकाउंटमध्ये आहेत, आणि ती बदलायला तुला अ‍ॅडमिन लागत नाही. म्हणजे तुझ्या नावावर चाललेल्या खंडणीखोर प्रोग्रॅमलाही लागत नाही. तो तुझ्या फायली खुशाल कुलूपबंद करेल. फरक इतकाच, की सासूबाईंच्या आणि लेकाच्या अकाउंटला त्याचा हात पोचणार नाही, आणि विंडोजनं जपलेल्या जुन्या प्रती पुसायला त्याला अ‍ॅडमिन लागेल. खोट्या बँकेच्या पानावर तू स्वतः पासवर्ड टाकलास, तर जगातली कुठलीही परवानगी-व्यवस्था आड येत नाही.

म्हणून जोडीला दोन गोष्टी हव्यात. एक, महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क एरवी काढून ठेवलेली. दोन, अपडेट. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमनं जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. तिथे कुणी ‘येस’ दाबायची वाटही त्यानं पाहिली नाही. स्टँडर्ड अकाउंटमध्ये बसलं तरी विंडोजची अपडेट आपोआप येतात. माहेरच्या जुन्या मशीनवर विंडोज १० असेल, तर त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, हेही बाबांना सांग.

शेवटचा: कारभाऱ्याचा पासवर्ड कागदावर लिही, आणि कारभाराची तपासणी वर्षातून एकदा कर.

पासवर्ड लिहू नये, असं ऑफिसात सांगतात ते ऑफिसापुरतं ठीक. महिनोन्‌महिने न वापरलेला पासवर्ड डोक्यात राहत नाही. विम्याचे कागद जिथे ठेवतेस तिथे एका पाकिटात तो आणि बिटलॉकरची की ठेव, आणि पाकीट कुठे आहे ते जावईबापूंना ठाऊक असू दे. मॉनिटरला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी मात्र नको.

दिवाळीची साफसफाई करशील तेव्हा अदर युजर्सची यादीही उघड. दुरुस्तीला आलेल्या पोरानं केलेलं अकाउंट, सुट्टीत राहून गेलेल्या भाच्याचं अकाउंट, तुझंच कधीतरी घाईत पुन्हा अ‍ॅडमिन केलेलं अकाउंट, असं काहीतरी सापडतंच. प्रत्येक अ‍ॅडमिनपाशी थांबून विचार, याला हे कशासाठी दिलं होतं? उत्तर आठवलं नाही तर स्टँडर्ड करून टाक. कुणी रुसणार नाही. बहुतेकांना ते कळणारसुद्धा नाही.